बॅटरीच्या पोटाचा आकडा

हिंगणी,
ता. २० मार्च १९५८

चि. प्रेमदासले तुह्या बाईचे आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सारे खुशाल आहेत, तिकडची खुशाली कळवत जा. तुह्यं मागचं पत्र मिळालं. त्यावर ग्रीसची पाच बोटं इतकी ठळक उमटली होती, का मजकूर कमी अन् बोटंच जास्त वाचली. हात धुवून लिहीत जाजो. सेलूच्या वासुदेवरावाची कमला चार बुकं शिकलेली आहे, असे हात पाह्यले तर मुंडावळ्या बांधायच्या आधीच पळून जाईल. तिच्याबद्दल तू मागच्या दोन्ही पत्रांत एक अक्षर लिहिलं नाई, ते माह्या ध्यानात आहे.

आता कामाचं. दसऱ्याले तू आला तेव्हा आमच्या ओट्यावरचा सरकारी रेडिओ पाह्यला होता. गावात इतकी मोठमोठी घरं असून तो आमच्या बौद्धवाड्यात काऊन ठेवला, तर माह्ये सासरे बाबाराव मामाजी रेल्वेतले रिटायर पॉइंटमन. वेळेचा माणूस म्हणून रेडिओ देणाऱ्या साहेबानं त्याहिलेच निवडलं. रेडिओच्या पेटीची किल्ली मामाजीच्या करगोट्याले बांधलेली असते. संध्याकाळ झाली का लावतात, दोन तासांनी बंद करतात, घड्याळ चुकेल पण ते चुकत नाई. अन् तिकडच्या आळीतली जी माणसं जन्मात कधी आमच्या ओट्यावर टेकली नव्हती, ती आता सतरंजीवर मांडीले मांडी लावून बसतात. मामाजी बोलून दाखवत नाई, पण त्या वेळेले त्याहिचा चेहरा पाहावा.

एक सुख असं का संक्रांतीपासून बॅटरी हलकी झाली आहे. पह्यले ती उचलायले दोन माणसं लागत, आता खालची जागा सारवायची तर मी एकटीच उचलून ठेवतो.

पण त्यातच घोर लागला आहे. पह्यले एकदा चार्ज करून आणली का बॅटरी जवळपास महिनाभर चाले. आता पंधरवडाही निघत नाई, मधेच आवाज बसतो. दोनदा असं झालं, तेव्हा पंचायतीतले किसनराव चार माणसांत बोलले, का दार लावून घरात कोणीतरी दिवसभर गाणे ऐकून राह्यलं. मामाजी तिथंच उभे होते. घरी आले अन् भाकर अर्धी ठेवून उठले. किसनराव म्हणतात, असंच चाललं तर रेडिओ आपल्या पडवीत नेऊन ठेवतो. रेडिओ गेला तर गेला रे, पण मामाजी चोर ठरून जाईल, ते मले सोसणार नाई. तू मोटारीच्या कारखान्यात काम करतो, तुह्या हाताखालून रोज बॅटऱ्या जातात. हे काय खाऊन राह्यलं ते सांग.

हे जंगलात कटाईवर गेले आहेत, पोळ्यातल्या बैलावाणी घरी कधीमधी दिसतात. बाकी ठीक. माया आहे तशी ठेवजो, पत्राले उशीर करू नको.

तुही बाई,
भागीरथा


पुलगाव,
ता. २७ मार्च १९५८

ती. बाईस प्रेमदासचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र पावलं. हात साबणानं दोनदा धुवून लिहायला बसलो आहे, तरी कुठं डाग दिसला तर तो शाईचा समजावा. कमलेबद्दल लिहायचं काय, तेच सुचत नाही म्हणून लिहीत नाही. नाही म्हटलेलं नाही, एवढं ध्यानात घे.

बॅटरीचं वाचून आधी हसू आलं. बाबारावमामा आणि दार लावून सिनेमाची गाणी. खरंच त्यांना नाद लागला असेल तर मला सांग, मी त्यांच्यासाठी इकडून गाण्यांची चोपडी पाठवतो. पण तू घोरात आहेस हे कळतं, म्हणून आमच्या उस्तादांना विचारलं. ते गिऱ्हाइकांच्या गर्दीत होते, त्यांनी चाललं तसं सांगितलं ते लिहितो.

बॅटरीच्या वरच्या दोन बोंडांवर पांढरं पीठ जमतं, ते गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसून काढ. मग थोडं व्हॅसलीन लाव. आतल्या खणांत तेजाबाची पातळी खाली गेली असेल तर डिस्टिल पाणी घालायचं, विहिरीचं मुळीच नाही. आणि रेडिओचा आवाज हळू ठेवत जा, म्हणजे बॅटरी कमी खर्च होईल. ही शेवटची गोष्ट उस्तादांनी सांगितली नाही, माझ्या अकलेनं लिहितो आहे.

एवढ्यानं भागलं नाही तर बॅटरीच्या बाजूवर काय छापलं आहे ते उतरवून पाठव. मामांना माझा जयभीम. गाण्याचं त्यांना वाचून दाखवू नको. लग्नसराई तोंडावर आहे, मोटारी रांगेनं उभ्या आहेत, म्हणून आवरतो. तू रागावतेस तेही मायेनंच, ते चालू राहू दे.

तुझा भाऊ,
प्रेमदास


हिंगणी,
ता. ८ एप्रिल १९५८

चि. प्रेमदासले आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तुह्या सांगण्यापरमाणं सारं केलं. सोड्यानं पुसलं, बोंडं आरशासारखी निघाली. पाणी वर्ध्याहून मागवून घातलं. आवाजही हळू केला, अन् त्याचा तर नुसता तमाशा झाला. सारे जण कानाले हात लावून रेडिओपुढं वाकून बसतात. मनकर्णाबाईले आधीच कमी ऐकू येते, ती बिचारी मधातच विचारते का आता कोण बोलून राह्यलं, अन् तिले सांगता सांगता बाकीच्याहिचा बाजारभाव निघून जाते. इतकं करून बॅटरी बसायची तेव्हाच बसली.

पण खरी गोष्ट ही नाई. तुह्यं पत्र यायच्या आधीच मामाजीनं करगोट्याची किल्ली सोडली अन् किसनरावाच्या घरी जाऊन त्याहिच्या हातात दिली. म्हणाले, आता तुम्हीच उघडा, तुम्हीच लावा. मले वाटलं, झालं, आता निकाल लागेल. किल्ली किसनरावापाशी असूनही बॅटरी पंधरवड्याच्या आत संपली. तर लोक म्हणतात, बाबारावापाशी दुसरी किल्ली असेल. सांग आता, अशाले काय करावं.

तेव्हापासून मामाजी रेडिओ ऐकत नाई. लोक आले का ते उठून गोठ्यामागच्या चिंचेखाली जातात अन् पाठ करून बसतात. सतरंजी मात्र स्वतःच झटकून घालून जातात. मी मनाची गोष्ट तुले सांगतो, दुसऱ्या कोणाले नाई. एक दिवस माह्याही मनात पाल चुकचुकली, का मी धुण्याले जातो तेव्हा मामाजी खरंच तर ऐकत नसतील. मग त्याहिले चिंचेखाली बसलेलं पाह्यलं अन् माह्यीच मले लाज वाटली.

बुद्धपौर्णिमेच्या आधी पंचायत बसणार आहे, तेव्हा रेडिओ हलवायचं ठरवतील. पौर्णिमेले संध्याकाळी रेडिओवर बुद्धजयंतीचा कार्यक्रम आहे म्हणतात. वाड्यातल्या पोरीसोरींनी त्यासाठी ओटा सारवून रांगोळीचीही तयारी केली आहे. तो कार्यक्रम किसनरावाच्या अंगणात कडेले उभं राहून ऐकायचा असेल तर मी तर जाणार नाई.

बॅटरीवर इंग्रजीत लिहिलं आहे. ती अक्षरं मले येत नाई, आकडे मामाजीले रेल्वेमुळं येतात, ते त्याहिनं मान न वळवता सांगितले. एकीकडं सहा आहे, दुसरीकडं साठ. पह्यलेही सहाच होतं म्हणतात, मग बदललं काय. तू लवकर काही सांग, आता तुह्याशिवाय विचारावं असं कोणी नाई.

कमलेच्या मायनं निरोप धाडला होता, त्याचं उत्तर मी तूर्त राखून ठेवलं आहे. जीव लावतो तसा लावत राहाजो.

तुही बाई,
भागीरथा


पुलगाव,
ता. १५ एप्रिल १९५८

ती. बाईस प्रेमदासचा सप्रेम जयभीम. वि. वि. काल इथं जयंतीची मिरवणूक होती, म्हणून कारखान्याला सुटी मिळाली. उस्ताद मोकळे सापडले, त्यांना तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. पहिल्या पत्रात तू बॅटरी हलकी झाली म्हणून आनंदानं लिहिलं होतंस, तिथं त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, बॅटरी चार्ज केल्यानं हलकी होत नाही की संपल्यानं हलकी होत नाही. हलकी झाली म्हणजे ती बॅटरीच दुसरी आहे. बाई, तू पहिल्याच दिवशी सगळं लिहिलं होतंस आणि मी गाण्यांच्या चोपडीवर विनोद करत बसलो. मामांपुढं तोंड दाखवायची लाज वाटते.

आता नीट वाच. सहा हा आकडा व्होल्टचा. तो म्हणजे जोर. साठ हा आकडा पोटाचा, त्याला अँपियर-अवर म्हणतात. पेटीत किती साठा मावतो ते त्यानं कळतं. समज, दोन डबे आहेत, उंची सारखी, पण एक रुंद आणि एक चिंचोळा. दोन्ही काठोकाठ भर आणि बुडाला एकाच खिळ्यानं भोक पाड. धार दोन्हीची सारख्याच जोरानं निघेल, कारण उंची सारखी. पण चिंचोळा लवकर रिता होईल. तुमचा रेडिओ दोन्ही बॅटऱ्यांवर तेवढ्याच मोठ्यानं बोलतो, म्हणून कोणाला फरक कळला नाही.

हिशेब असा. तुमचा रेडिओ उस्तादांच्या अंदाजानं दोन अँपियर खातो. साठाला दोनानं भागलं तर तीस तास. रोज दोन तास लावला तर पंधरा दिवस. पण हा आकडा नव्या बॅटरीचा, आणि तोही हळूहळू वापरली तरच पुरा मिळतो. बॅटरी जुनी झाली की पोट आकसतं, आणि अगदी तळापर्यंत कधी रिकामी करू नये, खराब होते. म्हणजे बारा-तेरा दिवस चालली तर ती आपलं काम चोख करते आहे. कोणी चोरून ऐकलं असतं तर इतकीही चालली नसती. बाई, तुमच्या घरात कोणी एक मिनिटसुद्धा जास्त रेडिओ लावलेला नाही, हे त्या पेटीवरच छापलेलं आहे.

आवाज हळू करायचं मी लिहिलं ते साफ चूक. रेडिओच्या आत जे काचेचे दिवे तापतात ते आवाज लहान असो की मोठा, जवळपास तेवढंच खातात. मनकर्णाबाईंना माझ्या वतीनं माफी सांग आणि कान पकडून सांगतो, आवाज मोठा कर.

एकच गोष्ट राहिली. जुन्या बॅटरीवर कोणता आकडा होता आणि ती बदलली कुठं, हे कोणाला आठवतं का ते बघ. मला यायचं होतं, पण लग्नाच्या मोटारींमुळं मालक सोडत नाहीत. परवापासून छातीवर धोंडा होता तो उतरला. तुझाही उतरला असेल, तर आता पोटभर जेव. लहान भावावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
प्रेमदास


हिंगणी,
ता. २० एप्रिल १९५८

चि. प्रेमदास यास बाबारावाचा जयभीम. कारणे पत्र लिहितो का तुह्यं पत्र भागीरथानं मले वाचून दाखवलं.

जुन्या पेटीवर १२० होतं. मले पाठ आहे. संक्रांतीच्या बाजाराले किसनरावाची बंडी सेलूले जाऊन राह्यली होती, तिच्यात बॅटरी चार्ज कराले धाडली. दुकानदारापाशी गर्दी होती. गावाचा रेडिओ बंद पडू नये म्हणून त्यानं आपल्याजवळची भरलेली दिली अन् गावाची ठेवून घेतली. तशी रीतच आहे. पुढच्या बाजाराले परत बदलून आणायची, पण तेव्हापासून बॅटरी चार्ज कराले वर्ध्यालेच जाऊन राह्यली, ते राहूनच गेलं. किसनरावाचा गडी म्हणाला, बरी हलकी दिली, बैलाले आराम.

१२० चे ६० झाले हे मी त्याच दिवशी पाह्यलं होतं. पण जन्म रेल्वेत गेला. इंजनावर नंबर असते, डब्यावर नंबर असते, ते त्याचं नाव समज. नंबर मोठा म्हणून इंजन जास्त चालत नाई. मी समजलो का हा या पेटीचा नंबर अन् तो त्या पेटीचा. मले कोणी इचारलं नाई, अन् मी बोललो नाई.

आता तू हिशेब धाडला, बरं केलं. पण तो घेऊन मी कोणाच्या दारात जाणार नाई. ज्यानं बत्तीस वर्सं गाड्यांचा सांधा बदलला अन् एक डबा घसरू देला नाई, त्यानं रेडिओ चोरला नाई हे सांगाले डबे फोडून दाखवावे काय. तुह्यी बहीण ऐकत नाई. तिनं रॉकेलचा डबा घासून ठेवला आहे. मी तिले नाई म्हटलं नाई, हो बी म्हटलं नाई.

तू कामावर लक्ष दे. तेजाबापासून डोळे सांभाळ. वडिलकीचा हात तुह्या पाठीवर आहेच.

बाबाराव


हिंगणी,
ता. ५ मे १९५८

चि. प्रेमदासले तुह्या बाईचे पोटभर आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि. पत्राले उशीर झाला म्हणून रागावू नको. लिहायले बसलो का डोळे भरून येत, अन् ओल्या कागदावर शाई पसरते. तुह्या ग्रीसच्या बोटांले मी हसलो होतो, आता माह्या पत्राले तू हासजो.

पंचायत आमच्याच ओट्यावर बसली. मी डोक्यावरचा पदर सावरला अन् दोन डबे मधात आणून ठेवले. एक रॉकेलचा, एक बिस्किटाचा उंच चिंचोळा. शेजारच्या गंगा मावशीनं मागून पाणी भरून दिलं, म्हणून धीर आला. उंची सारखी आहे हे मी किसनरावालेच वितीनं मोजायले लावलं. खिळाही त्याहिच्याच हातात दिला, म्हणजे उद्या कोणी म्हणायले नको का भागीरथानं भोक लहान-मोठं केलं. पाणी सोडलं तेव्हा दोन्ही धारा अंगणात बरोबरीनं पडल्या. मी म्हटलं, हा रेडिओचा आवाज समजा, यात आहे काय फरक. सारे म्हणाले नाई. मग बिस्किटाच्या डब्याची धार बारीक होत होत थेंबावर आली, अन् रॉकेलचा डबा आपला वाहूनच राह्यला होता. कोणाले काही सांगायची गरज राह्यली नाई. मनकर्णाबाईले तर या खेपेले ऐकायचंही काम नव्हतं, सगळ्यात आधी मान तिनंच हलवली.

मग मी एकशेवीसचं अन् साठचं सांगितलं, अन् ती बॅटरी कोणाच्या बंडीत आली तेही. मुद्दाम नाव घेतलं नाई. किसनराव स्वतःच म्हणाले, माह्या बंडीत. दुसऱ्या दिवशी ते साठवाली बॅटरी घेऊन एकटेच सेलूले गेले अन् संध्याकाळी आपली जुनी घेऊन आले. दुकानदार त्याहिले म्हणाला का तुमची केव्हाची भरून ठेवली आहे, तुम्हीच न्यायले येत नाई तर मी काय करू. बंडीतून उतरवायले पुन्हा दोन माणसं लागली, त्यात एक किसनराव होते. माह्या जिवाले इतकं हलकं वाटलं, का मी त्या दिवशी सांजच्याले पुरण घातलं, सण नाई काई नाई.

पण मामाजी काही चिंचेखालून उठले नाई. बॅटरी आली, लोक आले, सतरंजी घालून दिली अन् गेले. मी समजावलं, कटाईवरून आलेल्या ह्याहिनंही समजावलं. ते म्हणत, ऐकतो न इथून. ऐकायले तिथं काही येत नव्हतं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी सारं गाव जमलं. ओट्यावर पोरींनी मेणबत्त्या लावल्या होत्या, पांढरी लुगडी नेसून बाया बसल्या होत्या. कार्यक्रमाची वेळ झाली. किसनरावानं कमरेची किल्ली काढली अन् पेटीवर ठेवून दिली, उघडली नाई. वेळ होऊन गेली तरी उघडली नाई. इतकी माणसं बंद रेडिओपुढं गप बसली होती. मग किसनराव उठले, गोठ्याच्या मागं गेले. मी पाणी द्यायच्या निमित्तानं पाठोपाठ गेलो, म्हणून हे मले माहीत.

ते मामाजीले म्हणाले, का कार्यक्रम सुरू होऊन गेला, गाव खोळंबलं आहे. मामाजी म्हणाले, लावा न मग, अडवलं कोणी. तेव्हा किसनराव म्हणाले का मी तुमच्यावर चोरीचा आळ घेतला, चार माणसांत घेतला, तर चार माणसांतच सांगतो का माह्यं चुकलं, पण तुम्ही तिथं येऊन बसल्याशिवाय कसं सांगू. मामाजी धोतर झटकून उठले, अन् म्हणाले का पॉइंटमनच्या नोकरीत गाडीले इतका उशीर मी कधी होऊ देला नव्हता, चला.

किसनराव सगळ्यांपुढं बोलले. आढेवेढे घेतले नाई. मामाजीनं ऐकून घेतलं, किल्ली करगोट्याले बांधली, पेटी उघडली अन् आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. अर्धा कार्यक्रम निघून गेला होता, पण उरलेला वाड्याच्या टोकापर्यंत ऐकू गेला. बुद्धं सरणं सुरू झालं तेव्हा मनकर्णाबाईनंही हात जोडले, तिले कोणी सांगावं लागलं नाई. मी चुलीपाशी जाऊन रडलो. धुराचं निमित्त होतं.

आता शेवटचं लिहितो. काल दुपारी मामाजी जेवून उठले अन् मले विचारलं, का एकशेवीसाले दोनानं भागून, रोजचे दोन तास धरून, जुनेपणाची तूट काढून, महिन्याकाठी काही उरते काय. मी बोटांवर हिशेब केला अन् म्हटलं, पंचवीस दिवसांनी आपण चार्ज करायले धाडत असलो तरी अधूनमधून अर्ध्या तासापुरतं तर उरते. दुपारी बायांचा कार्यक्रम लागते, तो आजवर आम्ही कधी ऐकला नव्हता, बॅटरी बसेल म्हणून. त्याहिनं करगोट्याची किल्ली सोडली अन् माह्या हातावर ठेवली. म्हणाले, हिशेब तुले येते तर किल्लीही तूच ठेव. मी म्हटलं, पुन्हा कोणी काही बोललं तर. ते म्हणाले, डबा घासलेलाच आहे.

किल्ली आता माह्या पदराले बांधलेली आहे, लिहिताना कागदावर वाजून राह्यली. लग्नसराई सरली का येजो, कमलेच्या मायले मी तुह्या वतीनं हो कळवून टाकलं आहे.

तुही बाई,
भागीरथा